तरुण नट आणि म्हातारा दूधवाला

गावच्या जत्रेत नाटक बसते तेव्हा म्हाताऱ्याचे काम कोणाकडे जाते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नायकाचे काम ज्याला मिळाले नाही आणि ज्याचा आवाज जरा घोगरा आहे, असा एखादा विशीतला पोरगा पुढे ओढला जातो. कापसाची दाढी चिकटवायची, हातात काठी द्यायची, कंबर वाकवायची, अधूनमधून खोकायचे, की झाला म्हातारा! पहिल्या अंकात तो मनापासून खोकतो, दुसऱ्या अंकात खोकला विसरतो, आणि तिसऱ्यात पडदा पडायच्या आत टुणकन उडी मारून विंगेत पळतो. लोक हसतात. नाटक मात्र तेवढ्यापुरते मोडते.

आज मी तुम्हांला एका अशा नटाची हकिगत सांगणार आहे, की ज्याने ऐन तिशीत म्हातारा उभा केला आणि ती उडी कधीच मारली नाही. या नटाचे नाव हाईम टोपोल. तो इस्राएल देशाचा. एक गरीब दूधवाला आणि त्याच्या पाच मुली यांची गोष्ट त्याने जगभर रंगभूमीवर मांडली, साडेतीन हजारांहून अधिक वेळा! पण ही केवळ एका नटाच्या कीर्तीची गोष्ट नाही. एका माणसाच्या अंगात दुसऱ्यांचे म्हातारपण, दुसऱ्यांचे दारिद्र्य आणि दुसऱ्यांचे दुःख कसे मुक्कामाला येते, त्याची ही गोष्ट आहे.

टोपोलचा जन्म 9 सप्टेंबर 1935 रोजी तेल अवीव शहरात झाला. तेव्हा इस्राएल नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. पॅलेस्टाइनवर इंग्रजांचा अंमल होता. त्याचे आईबाप पोलंडमधून येऊन तेथे स्थायिक झालेले होते. बाप भिंतींना गिलावा करणारा गवंडी, आई शिवणकाम करणारी. राहणे फ्लोरेंटिन नावाच्या वस्तीत. ही शहराच्या दक्षिण अंगाची, कामकऱ्यांची आणि कारागिरांची वस्ती. पोरगा थोरला, त्याच्या पाठीवर दोन बहिणी. चित्रे काढण्याचा त्याला नाद, आणि जाहिरातींची चित्रे काढून पोट भरावे असा त्याचा बेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे जरा थांबा. या मुलाच्या शाळेत येमीमा चेर्नोविट्झ नावाच्या शिक्षिका होत्या. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या म्हणून पुढे त्यांचे नाव झाले. या पोराच्या अंगात नट आहे हे प्रथम ओळखले ते त्यांनी. त्या त्याला वर्गापुढे उभे करीत, गोष्टी वाचायला लावीत, शाळेच्या नाटकात काम देत. बस्स, एवढेच. त्यासाठी रंगमंच लागला नाही की अनुदान लागले नाही. एक पुस्तक, एक वर्ग आणि ऐकणारी चाळीस-पन्नास पोरे असली की भागते.

पण घरची ओढाताण होती. चौदाव्या वर्षी पोर 'दवार' या कामगारांच्या वृत्तपत्राच्या छापखान्यात कामाला लागला. दिवसा खिळे आणि शाई, संध्याकाळी रात्रीची शाळा. असे करीत सतराव्या वर्षी त्याने शाळा पुरी केली आणि तो गेवा नावाच्या किबुत्झात राहावयास गेला. किबुत्झ म्हणजे सामायिक शेतीची वसाहत. जमीन सगळ्यांची, राबणे सगळ्यांचे, आणि जेवणाची पंगतही एकच.

पुढे सक्तीची लष्करी नोकरी आली. तेथे 'नहाल' या तुकडीचे एक करमणूक पथक होते. सैनिकांच्या तळांवर जावे, गाणी म्हणावी, छोटे प्रवेश करून दाखवावे, असे त्या पथकाचे काम. आपल्याकडच्या कलापथकासारखेच म्हणा ना. टोपोल या पथकात घडला. समोर दिवसभर उन्हात तापलेले शिपाई बसलेले. त्यांना आवडले तर टाळ्या, न आवडले तर उघड जांभया! यापेक्षा कडक परीक्षक कोठला मिळणार? 1956 च्या ऑक्टोबरात तो सैन्यातून सुटला आणि पथकातल्याच गालिया नावाच्या मुलीशी त्याने लगेच लग्न केले. पुढची सहासष्ट वर्षे हा संसार टिकला.

आता तेथल्या रंगभूमीची थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. हिब्रू ही भाषा शतकानुशतके पोथीची आणि प्रार्थनेची होती. घरात, बाजारात ती कोणी बोलत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा बोलती करण्याचा यत्न सुरू झाला. या भाषेतले मोठे नाटकघर म्हणजे 'हबीमा'. ते 1917 च्या सुमारास निघाले मॉस्कोत, आणि पुढे तेल अवीवला येऊन स्थिरावले. त्याचे थोर नट रशियातून आलेले, त्यांची ढब भारदस्त, उच्चार परमुलुखातले. टोपोलची पिढी मात्र हिब्रू बोलतच वाढली होती. रस्त्यावरची, छापखान्यातली, छावणीतली हिब्रू त्यांच्या तोंडी सहज होती. या पिढीला भाषण ठोकायचे नव्हते. तिला बोलायचे होते.

अशा मित्रांनी मिळून 1957 साली एक मंडळी काढली. तिचे नाव ठेवले 'बात्साल यारोक', म्हणजे 'हिरवा कांदा', आपली कांद्याची पात! पुढे हैफा या बंदराच्या शहरात नगरपालिकेचे नाटकघर उभे राहिले, त्याच्या उभारणीतही योसेफ यादीन या रंगकर्मीबरोबर टोपोलचा हात होता. तेथे त्याने शेक्सपियरचा पेत्रुकिओ केला, आणि ब्रेख्तच्या 'खडूचे वर्तुळ' या नाटकातला आझ्दाक केला. आझ्दाक हा दारुडा, लाचखाऊ, पण गरिबाला न्याय देणारा न्यायाधीश. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे जग ज्याला एकाच भूमिकेचा नट म्हणू लागले, त्याची तालीम अशी निरनिराळ्या भूमिकांतून झालेली होती.

आणि आता पहिला म्हातारा येतो. त्याचे नाव सालाह शबाती.

1948 साली इस्राएलचे राज्य झाले. त्याच युद्धात लाखो पॅलेस्टिनी अरब आपल्या घरादाराला मुकले, हाही त्या इतिहासाचा भाग आहे, तो विसरून चालणार नाही. राज्य झाल्यावर युरोपातून वाचलेले आणि इराक, येमेन, मोरोक्को अशा देशांतून निघालेले ज्यू लोक लाखांनी तेथे आले. इतक्यांना घरे कोठून देणार? तंबू आणि पत्र्याच्या झोपड्या यांच्या तात्पुरत्या वसाहती उठल्या. त्यांना म्हणत 'मआबारा'. तात्पुरत्या म्हटलेल्या या वसाहतींत कित्येकांची वर्षे गेली. वर कचेऱ्यांतून कारभार करणारे बहुतेक युरोपातून आलेले, आणि झोपडीत चिखल तुडवणारे पुष्कळसे पूर्वेकडचे. भाषा वेगळी, रंग वेगळा, जेवण वेगळे. मग मनात अढी बसली तर नवल काय?

एफ्राइम किशोन हा हंगेरीतून आलेला विनोदी लेखक. तो स्वतः अशा वसाहतीत राहिलेला होता. त्याने सालाह नावाचे एक पात्र निर्माण केले. पूर्वेकडच्या देशातून आलेला, बायको आणि सात पोरे घेऊन विमानातून उतरलेला, आळशी, कावेबाज, पण काळजाचा माणूस. टोपोल हे पात्र आधी छोट्या प्रवेशांतून रंगवीत असे. 1964 साली त्याचा चित्रपट झाला तेव्हा टोपोलचे वय अठ्ठावीस. पडद्यावर मात्र पांढरट दाढीचा, पोटाचा घेर सुटलेला, पाय ओढत चालणारा बाप!

या चित्रपटातला शेवटचा प्रसंग फार नामी आहे. सालाहला पक्के घर हवे. अर्ज करून झाले, विनवण्या झाल्या, सगळ्या पक्षांना मत देतो म्हणून सांगून झाले. घर काही मिळेना. शेवटी त्याला कळते, की कचेरीकडे जे मागावे त्याच्या उलट मिळते. मग तो मोर्चा काढतो, की आम्हांला घरे नकोत, आम्हांला झोपडीतच राहू द्या! आणि काय गंमत, घरे ताबडतोब मिळतात. तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हा विनोद वेगळा समजावून सांगायला नको.

हा चित्रपट परभाषी चित्रपटांच्या ऑस्कर पारितोषिकासाठी निवडला गेलेला पहिला इस्राएली चित्रपट. टोपोललाही अमेरिकेत होतकरू नट म्हणून 'गोल्डन ग्लोब' मिळाले. पण टीकाही झाली. युरोपीय आईबापांचा मुलगा पूर्वेकडच्या माणसाला आळशी आणि अडाणी रंगवून हसे करतो, असा आक्षेप आला, आणि तो आजही घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. पण हेही खरे, की त्या चित्रपटात सर्वांत जास्त फजिती होते ती खुर्चीवर बसलेल्यांची. म्हाताऱ्याला हसत हसत प्रेक्षक हळूहळू त्याच्या बाजूचे होऊन जातात.

येथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा लागतो. कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले, बेने इस्राएल लोक तुम्ही ऐकून असाल. मराठी बोलणारे, तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. किहिमकर, पेणकर अशी त्यांची आडनावे. 1948 नंतर यांतलेही हजारो लोक इस्राएलात गेले, आणि वाळवंटातल्या नव्या गावांतून त्यांनी संसार मांडले. त्यांच्याही वाट्याला मआबारा आली, हलकी कामे आली. काही जण तर 1952 च्या सुमारास कंटाळून मुंबईस परत आले. 1962 साली तेथल्या धर्मपीठाने फर्मान काढले, की या लोकांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. म्हणजे यांच्या ज्यू असण्यावरच शंका! मग बेने इस्राएल लोकांनी निदर्शने केली, धरणे धरले, आणि 1964 च्या ऑगस्टात तेथल्या लोकसभेने जाहीर केले, की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, यांच्यात आणि इतरांत भेद नाही. ज्या वर्षी पडद्यावर सालाहचा मोर्चा निघाला, त्याच वर्षी कोकणातल्या माणसांचा खरा मोर्चा निघाला होता. पडद्यावरच्या गमतीमागे केवढी आग होती, हे यावरून ध्यानात येईल.

आता दुसरा म्हातारा. हाच तो दूधवाला, तेव्ये.

शोलेम अलेखेम (1859 ते 1916) हा यिडिश भाषेतला मोठा लेखक. युक्रेनमध्ये जन्मला, न्यूयॉर्कमध्ये वारला. 1894 पासून त्याने तेव्ये दूधवाल्याच्या गोष्टी लिहिल्या. झारच्या रशियातले एक खेडे, तेथे दुधालोण्याचे रतीब घालणारा हा गरीब ज्यू. घोडे लंगडे झाले तर स्वतः गाडी ओढणारा. देवाशी मात्र त्याचे फार सख्य, म्हणजे सारखे भांडण! आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर विठोबाला चार शब्द सुनावणारा वारकरी असतो ना, तशी जात. न्यूयॉर्कमध्ये 1964 साली या गोष्टींवर संगीत नाटक झाले, 'फिडलर ऑन द रूफ', म्हणजे 'छपरावरचा फिडलवाला'. घसरत्या छपरावर उभे राहून तोल सांभाळीत सूर काढायचा, तसे या लोकांचे जिणे, असा त्या नावाचा भाव.

गोष्ट मुलींच्या लग्नाची आहे. थोरलीसाठी बापाने पैसेवाला खाटीक ठरवला, तिला गरीब शिंपी हवा. बाप विचार करतो, एका अंगाने पाहतो, दुसऱ्या अंगाने पाहतो, आणि मानतो. दुसरी एका क्रांतिकारकाच्या मागे सैबेरियात जायला निघते. पुन्हा दोन्ही अंगांनी विचार, पुन्हा बाप मानतो. तिसरी परधर्मातल्या मुलाशी लग्न करते. येथे मात्र त्या बापाला दुसरे अंग सापडत नाही. तो पाठ फिरवतो. आणि शेवटी सरकारचा हुकूम येतो, की सगळ्या ज्यू लोकांनी गाव सोडून चालते व्हावे.

वाचकहो, मुलीचा बाप कोठल्याही देशाचा असो, हे दुःख त्याला भाषांतर करून सांगावे लागत नाही.

लंडनमध्ये हे नाटक करायचे ठरले तेव्हा निर्मात्यांना 'सालाह' मधला म्हातारा आठवला. त्याला बोलावणे गेले, आणि दारात उभा राहिला तिशीचा तरणाबांड गडी! त्यांना आश्चर्य वाटले. शिवाय या गड्याला इंग्रजी यथातथाच येत होते. तेल अवीवच्या हिब्रू प्रयोगांत त्याने तेव्ये केलेला होता, पण आता प्रत्येक शब्द परक्या भाषेतला. त्याने ती गाणी ध्वनिमुद्रिकेवरून घोटली, उच्चार घासूनपुसून घेतले. 16 फेब्रुवारी 1967 रोजी लंडनच्या 'हर मॅजेस्टीज' नाटकगृहात पहिला प्रयोग झाला. 'हाईम' हे नाव इंग्रजांच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून पाटीवर फक्त 'टोपोल' लागले, आणि तेच जगभर राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटले तेव्हा चालते नाटक सोडून तो मायदेशी गेला, आणि नंतर परत येऊन पुन्हा उभा राहिला.

मग आला चित्रपट. दिग्दर्शक नॉर्मन ज्यूइसन. गंमत अशी, की नावात 'ज्यू' असले तरी हा गृहस्थ ज्यू नव्हता! न्यूयॉर्कला तेव्ये गाजवला होता झीरो मॉस्टेल या बड्या नटाने, आणि पडद्यावरही तोच येणार असा सर्वांचा समज. ज्यूइसनने मात्र टोपोलला निवडले. मॉस्टेल पडद्याला फार मोठा आणि फार अमेरिकन वाटेल, आपल्याला मातीतला माणूस हवा, असे त्याचे मत. मॉस्टेलला हे लागले, आणि लागणारच. एकाची पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर बसताना पहिल्याला थंडी वाजायचीच. युगोस्लाव्हियात, म्हणजे आताच्या क्रोएशियात, झाग्रेबजवळच्या खेड्यात चित्रीकरण झाले. टोपोल पस्तिशीचा. ज्यूइसनने स्वतःच्या दाढीतले पांढरे केस उपटून त्याच्या भुवयांना चिकटवले, असे सांगतात.

पण केस चिकटवून म्हातारपण येत नाही, हे आपण जत्रेच्या नाटकात पाहिले आहे. मग ते येते कोठून? पुढे एका मुलाखतीत टोपोलने याचे मर्म सांगितले. त्याचा भावार्थ असा : हालचालींना लगाम घालावा लागतो. मी पन्नास-साठ वर्षांचा आहे, तर मला एकदम उडी मारता येणार नाही, अचानक तरुण होता येणार नाही. आवाजसुद्धा तरुणाचा निघून चालणार नाही. म्हणजे पाहा, कंबर वाकवणे ही अगदी वरवरची गोष्ट. खरे काम आत चालते. अंगात रग असताना ती दाबून धरायची, आणि तीन तास दाबून धरायची. म्हाताऱ्या माणसाचे पाऊल जड पडते कारण त्यामागे किती चालणे झाले आहे, हे नटाला आठवत राहावे लागते. स्वतःचे नव्हे, दुसऱ्याचे चालणे.

1971 च्या अखेरीस चित्रपट लागला. पुढच्या साली ऑस्करसाठी श्रेष्ठ नटाच्या यादीत टोपोलचे नाव आले. पारितोषिक जीन हॅकमनला मिळाले, 'गोल्डन ग्लोब' मात्र टोपोलने नेले. चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले, छायाचित्रण, ध्वनी आणि संगीत-योजना यांसाठी. पडद्यावर तपकिरी मातीचा रंग उतरावा म्हणून छायाचित्रकार ऑस्वाल्ड मॉरिसने कॅमेऱ्याच्या भिंगावर बायकांचा नायलॉनचा मोजा ताणून बसवला होता. युक्ती साधी, पण सबंध गाव त्या मोज्यातून जुने झाले!

यानंतर त्याने इतर कामे केली नाहीत असे नव्हे. 1975 साली ब्रेख्तच्या नाटकावरून काढलेल्या चित्रपटात त्याने गॅलिलिओ केला. 1980 साली 'फ्लॅश गॉर्डन' मध्ये तो शास्त्रज्ञ झाला, 1981 साली जेम्स बाँडच्या चित्रपटात चोरटा व्यापारी झाला. पण लोक त्याला पुन्हा पुन्हा दुधाच्या गाडीकडे बोलावीत राहिले. लंडन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दौऱ्यांवर दौरे. 1990 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तो तेव्ये म्हणून उभा राहिला, आणि त्यासाठी टोनी पारितोषिकाच्या यादीत त्याचे नाव आले. ज्या रोझालिंड हॅरिसने चित्रपटात त्याच्या थोरल्या लेकीचे काम केले होते, तीच पुढे एका दौऱ्यात त्याची बायको झाली! नाटकातले वय असे असते.

एकाच भूमिकेत जन्म गेला, याचे त्याला दुःख होते काय? विचारल्यावर तो म्हणे, की एका तरी भूमिकेसाठी जगाने ओळखावे असे भाग्य किती नटांना मिळते? माझी तक्रार नाही. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. तिशीत त्याने रग दाबून म्हातारा केला. साठीच्या सुमारास त्याचे आणि तेव्येचे वय एक झाले. आणि सत्तरी ओलांडल्यावर खेळ उलटा फिरला, आता त्याला तेव्येसाठी तरुण व्हावे लागे, नाचण्यापुरती रग उसनी आणावी लागे. 2009 साली अमेरिकेतल्या निरोपाच्या दौऱ्यात हाताचे स्नायू दुखावले, आणि चाळीसहून अधिक वर्षांचा तो रतीब थांबला.

त्या भूमिकेत आणखीही एक ओझे होते. तेव्येचे खेडे आता कोठे राहिले आहे? पूर्व युरोपातली अशी शेकडो खेडी नाझींनी 1941 पासूनच्या काळात माणसांसकट नाहीशी केली. टोपोलचे आईबाप तीसच्या दशकातच पोलंडमधून निघाले म्हणून वाचले. म्हणजे तो रोज रात्री रंगमंचावर जे गाव उभे करी, ते त्याच्याच आजापणजांच्या जगाचे होते, आणि पडदा पडल्यावर ते कोठेच नव्हते.

उत्तरायुष्यात त्याने गॅलिलीत आजारी मुलांसाठी उभारलेल्या 'जॉर्डन रिव्हर व्हिलेज' या सुट्टीच्या वसाहतीचे काम अंगावर घेतले. ज्यू, अरब, सर्व मुलांना तेथे मुक्तद्वार. 2015 साली इस्राएलने त्याला आपला सर्वोच्च मानला जाणारा सांस्कृतिक सन्मान, 'इस्राएल पारितोषिक', दिले. अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशाच्या आजारात गेली. 8 मार्च 2023 रोजी तेल अवीवमध्ये तो वारला. ज्या गावी गिलाव्याच्या गवंड्याचा मुलगा म्हणून जन्मला, त्याच गावी.

तर मित्रहो, या हकिगतीतून काय घ्यायचे? मला दोन गोष्टी वाटतात. एक, पुढच्या जत्रेत म्हाताऱ्याचे काम ज्याच्याकडे येईल, त्याने कापूस आणि काठी शोधायच्या आधी चार दिवस चावडीवर बसावे, आणि म्हातारी माणसे उठतात कशी, बसतात कशी, बोलता बोलता गप्प कशी होतात, हे पाहावे. दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. उद्या वाचनाचा तास आला, की मागच्या बाकावरच्या एखाद्या पोराला पुढे बोलवा आणि त्याच्या हाती गोष्टीचे पुस्तक द्या. तो अडखळेल, पोरे हसतील. हसू द्या. तुम्ही मात्र त्याचे वाचणे शेवटपर्यंत ऐका.